शेरूचा रिपोर्ट वाचताना

चि. वैशाली हिस,
अनेक आशीर्वाद.

शेरूच्या रक्ताचा रिपोर्ट मिळाला. क्रिएटिनीन ७.१ या आकड्याभोवती तू लाल शाईने गोल काढला आहेस आणि खाली एकच ओळ लिहिली आहेस : पुण्याला न्यायचं की नाही? घरात दोन तट पडल्याचंही कळलं. तुझे सासरे म्हणतात, कुत्र्यापायी एवढा पैसा घालायचा नाही. शाळकरी रोहन म्हणतो, पैशाचं नाव काढणाऱ्याचा शेरूवर जीवच नाही. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघेही खर्च किती येईल इथूनच सुरुवात करतात. त्या खर्चातून शेरूच्या पदरात काय पडेल, हे आधी विचारायला हवं.

तो ७.१ एकटा काहीच सांगत नाही. मूत्रपिंडाचं सुमारे तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनीन वाढतच नाही, त्यामुळे आकडा दिसतो तेव्हा नुकसान मोठंच झालेलं असतं. पण ते आठ दिवसांत झालं की दोन वर्षांत, यावर सगळं अवलंबून आहे. राहुरी-श्रीरामपूरकडे ऊस आहे, उसात उंदीर आहेत, आणि उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याची मूत्रपिंडं काही दिवसांत निकामी करतो. तसं असेल तर योग्य प्रतिजैविक आणि शिरेतून सलाईन वेळेवर मिळाल्यास कुत्रा पुन्हा उभा राहू शकतो. तेव्हा पुण्याचा दीडशे किलोमीटरचा प्रवासही करावा आणि हात आखडू नये. (हा रोग माणसालाही होतो. निदान होईपर्यंत शेरूचं मूत साफ करताना हातमोजे घाल आणि पोरांना लांब ठेव.) उलट गेल्या सहा-आठ महिन्यांत तो सारखा पाणी पीत असेल, वजन उतरत गेलं असेल, रक्त कमी झालं असेल आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडं आक्रसलेली दिसली, तर दुखणं जुनं आहे. जुन्या दुखण्याच्या चार पायऱ्या मानतात, आणि ५च्या पुढचं क्रिएटिनीन ही शेवटची. तिथून परत फिरता येत नाही. बहुधा आठवडे, फार तर काही महिने मिळतात. म्हणजे एकाच आकड्यावर दोन उलट निर्णय बरोबर ठरू शकतात. म्हणून आधी सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी कर. गावातल्या श्रेणी एकच्या दवाखान्यातले डॉक्टर प्रामुख्याने गाई-म्हशी पाहतात, पण कुठे पाठवायचं हे ते सांगतील.

समजा दुखणं जुनंच निघालं. मग माणसाच्या आजाराचे नियम इथे लावू नकोस. कर्करोगाचा माणूस केमोच्या ओकाऱ्या सोसतो, कारण मुलीचं लग्न पाहायचंय हे त्याला माहीत असतं. शेरूला उद्या ठाऊक नाही. सलाईनची सुई कशासाठी टोचली, अनोळखी पिंजऱ्यात तीन रात्री का काढाव्या लागल्या, हे त्याला कोणी समजावू शकत नाही. उद्याच्या आशेवर आजचं दुखणं सोसायची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून कुत्र्याच्या उपचारात त्रास थोडक्या दिवसांचा आणि फायदा जवळचा व मोठा असला पाहिजे. उदाहरण द्यायचं तर, कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी एक गाठ असते. दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीनचं एक इंजेक्शन, अशी चार-सहा दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. हाडाच्या कर्करोगात मात्र पाय कापूनही, केमो न दिल्यास, साधारण चार-पाच महिनेच हाती लागतात. दोन्हींचं नाव कॅन्सर. पहिल्याला कर्ज काढून खर्च केला तरी मी समजू शकतो. दुसऱ्यासाठी दहादा विचार करीन.

आता तुझ्या सासऱ्यांचं म्हणणं. माणसांच्या औषधाला पैसे नसताना कुत्र्यावर कसले, हा प्रश्न दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात हसण्यावारी नेता येत नाही. २०२२ साली लम्पीने जनावरं मेली तेव्हा सरकारने दुभत्या गाईमागे ३० हजार रुपये भरपाई दिली. गाईला किंमत आहे, तिच्या उपचाराचा हिशेब दुधाशी लागतो. शेरू दूध देत नाही. पण बिबट्याच्या टापूतल्या वस्तीवर त्याने रात्री जागून काढल्या, म्हणजे कमावलं नाही असंही नाही. आणि ही नुसती भावनेची गोष्ट नव्हे. १९६०च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत म्हणून वाजवी उपाय करायचे आहेत. त्याच कायद्याने जनावर वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पुण्याला नेणं कोणावर बंधनकारक नाही. पण दुखणाइताला गाडीत घालून घाटात सोडून येण्याचा जो सोपा मार्ग लोक काढतात, तो तुम्हाला मोकळा नाही. सासऱ्यांना एवढंच सांग : बरं करण्याचा खर्च नाकारता येतो, वेदना शमवण्याचा नाही. हा दुसरा खर्च तुलनेने थोडका असतो. कातडीखाली सलाईन द्यायला डॉक्टर तुला घरीच शिकवतील. मळमळ थांबवायचं औषध, बेताचा आहार, कोरडं अंथरूण, बस. माणसाची वेदनाशामक गोळी मात्र चुकूनही देऊ नकोस. आयब्युप्रोफेन उरलंसुरलं मूत्रपिंडही घालवेल.

रोहनला वाटतं की आकडा आधी ठरवणं म्हणजे प्रेमाला मोजमाप लावणं. मला उलट वाटतं. मर्यादा आधी ठरली नाही, तर ती दवाखान्याच्या टेबलाशी, रडवेल्या चेहऱ्यांनी, रात्री अकराला ठरते, आणि त्या घडीला माणूस कुत्र्यासाठी कमी आणि स्वतःच्या मनाची टोचणी घालवण्यासाठी जास्त खर्च करतो. मुंबईत परळचं जनावरांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे, महालक्ष्मीला टाटांचं २०२४ साली सुरू झालं. सोयी वाढल्या हे चांगलंच झालं. पण पूर्वी ‘उपाय नाही’ हे वैद्य सांगत असे, आता ते घरच्यांना स्वतःशी म्हणावं लागतं, आणि ते जड जातं.

राहिला झोपेच्या इंजेक्शनचा प्रश्न. तुमच्या माळकरी घरात त्याला हत्या म्हणतील. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असंच तळमळत पडलं होतं. डॉक्टरांनी आशा सोडली होती, कूस बदलतानाही त्याला यातना होत होत्या. गांधीजींनी स्वतः हजर राहून त्याला इंजेक्शन देवविलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला तरी त्यांनी ‘नवजीवन’मधून आपली बाजू मांडली. तिचा आशय असा की हिंसा ठरते हेतूवरून, आणि दुसरा उपायच उरला नसेल तर ज्याचे हाल चाललेत त्याची सुटका ही हिंसा नव्हे. यावर चांगला आक्षेप एकच आहे : जनावराची इच्छा आपण कोण ठरवणार? आक्षेप खरा आहे. म्हणून घाईने ठरवू नये आणि एकट्याने ठरवू नये. पण काहीच न ठरवणं हाही आपणच घेतलेला निर्णय असतो, आणि त्याची किंमत शेरू मोजतो. मूत्रपिंडं निकामी झाल्यावरचा शेवट शांत नसतो. तोंडात फोड येतात, श्वासाला मुताचा वास येतो, पाणीसुद्धा उलटून पडतं. इंजेक्शन नीट दिलं, म्हणजे आधी गुंगी आणि मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, तर त्याला काही कळत नाही. डॉक्टरांना ही पद्धत आधी विचारून घे.

तोपर्यंत भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज रात्री खूण कर. खाल्लं का, उठून अंगणात गेला का, तुझी चाहूल लागताच शेपूट हलली का. चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. फुल्या टिंबांपेक्षा जास्त झाल्या की डॉक्टरांना घरी बोलाव, दवाखान्यात नेऊ नकोस. रोहनला त्या दिवशी शाळेत पाठवायचं की घरी ठेवायचं, हे त्याचं त्याला ठरवू दे. बांधावरची जागा सासऱ्यांनाच निवडायला सांग, विहिरीपासून लांब, आणि खड्डा खोल घ्यायला सांग.

सोनोग्राफी झाली की कळव. घरी सर्वांना नमस्कार.

तुझा,
मामा