दात सरकतो कसा?

पावसाळा सरल्यावर भोरजवळ नीरेच्या किंवा वेल्ह्याकडे कानंदीच्या एखाद्या वळणावर जाऊन पाहा. मातीचा काठ असेल तेथे वळणाच्या बाहेरची बाजू खचलेली आणि आतल्या बाजूस गाळ साचलेला दिसेल. एक काठ झिजतो, दुसरा भरतो आणि पात्र हळूहळू सरकते. वाकडे दात तारेने सरळ करताना जबड्यातही असेच घडते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याचे मूळ व हाड यांमध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दात ओढला की हा पडदा एका बाजूस दाबला जातो, दुसऱ्या बाजूस ताणला जातो. दाबाच्या बाजूस अस्थिभक्षक पेशी हाड पोखरतात. ताणाच्या बाजूस अस्थिजनक पेशी नवे हाड रचतात. अशा रीतीने दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. म्हणूनच उपचार दीड-दोन वर्षे चालतो आणि दंतवैद्यासाठी एस.टी.ने पुण्याच्या खेपा घालाव्या लागतात.

मग तार अधिक आवळली तर? येथे आपले सूत्र आठवा : दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, 50 ग्रॅम भाराइतके बल मुळाच्या 2 चौरस सेंटिमीटरवर पडले. दर चौरस सेंटिमीटरला 25 ग्रॅम झाले. केशवाहिन्यांतील रक्ताचा दाब जवळपास इतकाच असतो. दाब याहून फार वाढला, तर केशवाहिन्या चेपतात, रक्त थांबते व तेथील पेशी मरतात. हाड पोखरणारेच उरले नाहीत, तर दात सरकणार कसा? तो अडून बसतो. श्वार्त्स यांनी 1932 सालीच ही मर्यादा दाखवून दिली होती.

म्हणजे वेग ठरतो तो पेशींच्या कामावर. तेव्हा पेशींनाच चेतवले तर? जपानमधील यामासाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य दाताजवळ टोचून पाहिले : 1980 साली उंदरांत, 1982 साली माकडांत आणि 1984 साली माणसांत. दात खरोखरच लवकर सरकले. पण हे द्रव्य लवकर नाहीसे होते, म्हणून सुई पुनःपुन्हा टोचावी लागते. शिवाय ते वेदनाही वाढवते. हाडाबरोबर दाताचे मूळही झिजण्याची भीती असते, आणि झिजून आखूड झालेले मूळ पुन्हा वाढत नाही. पुढे रिलॅक्सिन हे संप्रेरकही टोचून पाहिले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने माणसांचे दात लवकर सरकले नाहीत. त्यामुळे अशी इंजेक्शने अजून नित्याच्या उपचारात आलेली नाहीत.

तेव्हा तुमच्या दातांना तार असेल, तर खेप वाचवण्यासाठी ती स्वतः आवळू नका, रबरे दुप्पट लावू नका. आता एक गणित : वरच्या उदाहरणात बल 200 ग्रॅम केले तर दाब किती होईल? आणि रक्ताचे काय होईल?