परसबागेतला जाम : मोरीच्या पाण्यावर एक झाड



आज आपण एका रसाळ फळझाडाची ओळख करून घेऊया. पांढरे, फिकट हिरवे किंवा गुलाबी, घंटेसारखे दिसणारे फळ म्हणजे जाम. आपल्या पालघर जिल्ह्यात किनारपट्टीच्या वाड्यांमध्ये हे झाड दिसते आणि उन्हाळ्यात फळे बाजारात येतात. मग पोशेऱ्यासारख्या मोखाड्यातल्या गावात, घराच्या मागे ते जगेल का? जगेल, पण एका अटीवर. ती अट म्हणजे पाणी!

ओळख

जामाचे शास्त्रीय नाव सिझिजियम समरांगेन्स. जांभूळ याच कुळातले, म्हणजे दोघे भाऊबंदच. मूळ घर मलेशिया, इंडोनेशियाकडे. तिथे उष्ण, दमट हवा असते, म्हणून या झाडाला पाण्याची सवय. १०० ग्रॅम फळात ९० ग्रॅमहून जास्त पाणीच असते.

नावाची एक गंमत लक्षात ठेवा. विदर्भात 'जाम' किंवा 'जांब' म्हटले की पेरू समोर येतो. म्हणून रोप घेताना नुसते नाव सांगू नका, फळ कसे ते सांगा.

आपल्याकडची अडचण

जव्हार-मोखाड्यात पाऊस धो-धो पडतो, पण उतार आणि मुरमाड जमीन यामुळे पाणी वाहून जाते. मार्चनंतर डोक्यावर हंडे घेऊन बायाबापड्यांची पायपीट सुरू होते. वैतरणेचे पाणी मुंबईला जाते, आणि नदीकाठच्या तालुक्यात झाडाला तांब्याभर पाणी घालतानाही विचार करावा लागतो. जुलैत हौसेने लावलेले रोप मे महिन्यात वाळते ते यामुळेच.

म्हणून जाम एकच लावा, तोही मोरीजवळ. माळावर, बांधावर आंबा आणि काजूच बरे. त्यांनाही पहिली दोन-तीन वर्षे जपावे लागते, पण मोठे झाल्यावर ते कमी पाण्यात तग धरतात.

लागवड कशी करावी?

१. मे महिन्यात २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणा. ऊन खाऊ द्या.
२. खड्ड्यात पालापाचोळा, चांगले कुजलेले शेणखत आणि माती भरा.
३. गुटी कलमाचे रोप घ्या. ते साधारण तीन-चार वर्षांत फळावर येते. बियांच्या रोपाला जास्त वेळ लागतो.
४. पहिला चांगला पाऊस झाला की रोप लावा. उताराच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धगोल बांध घाला.
५. शेळ्यांपासून वाचवायला कारवीचे किंवा बांबूचे कुंपण करा. हे विसरलात तर बाकी सगळी मेहनत वाया!

उन्हाळा कसा काढायचा?

जुन्या मडक्याच्या तळाला बारीक भोक पाडा, त्यात चिंधीची वात घाला आणि मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरा. पाणी थेंब थेंब मुळाशी जाते. वर झाकण ठेवा. बुंध्याभोवती वाळका पाला पसरा, म्हणजे ओल टिकते. भाज्या-तांदूळ धुतलेले, हात धुतलेले पाणी झाडाला चालते. कपड्यांच्या सोड्याचे पाणी मात्र नको.

आता एक हिशोब. समजा, शाळेत ४० मुले आहेत. जेवणाआधी हात धुताना प्रत्येकाचे अर्धा लिटर पाणी सांडते. ४० × ½ = २० लिटर. रोज एवढे पाणी नुसतेच वाहून जाते! लहान रोपाला यातला थोडा भागही पुरेल.

फळ आल्यावर

साल पातळ असते, फळ लवकर दबते आणि फार दिवस टिकत नाही. म्हणून लांबच्या बाजारासाठी ते अवघड, पण घरच्या पोरांसाठी एकदम बेस्ट! फळमाशी लागू नये म्हणून कोवळ्या घोसांना कागदी किंवा कापडी पिशवी बांधा. गळलेली, किडकी फळे झाडाखाली राहू देऊ नका, खोल पुरून टाका.

उपक्रम

- तुमच्या घरात दिवसभरात किती तांबे पाणी मोरीतून वाहून जाते? सात दिवस मोजून वहीत लिहा.
- ते पाणी कुठे जाते? त्या वाटेवर एका झाडाची जागा शोधा.

जागा आत्ताच नक्की करा मुलांनो. पाऊस आला की आपल्याला फक्त रोप लावायचे आहे.