दिव्यांग मुलांचे दात आणि तार

मैत्रिणींनो, "आधीच तेका चालूक जमणा नाय, दात कित्याक सरळ करूचे?" असं घरात कुणी म्हटलं तर काय सांगाल? सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या तोंडाचे स्नायू अनेकदा ताब्यात नसतात. तोंड उघडं राहतं, जीभ दातांना ढकलते, वरचे दात पुढे येतात. मूल पडलं की तेच आधी तुटतात. चावणंही अवघड. म्हणजे हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही.

तार बसवता येते, पण दात रोज स्वच्छ होत असतील तरच. नाहीतर तारेभोवती कीड लागते. म्हणून सुरुवात ब्रशपासून. मुठीत धरवत नसेल तर दांड्याला कापड गुंडाळून जाड करा. तेही जमत नसेल तर तुम्ही मागे उभ्या राहा, त्याचं डोकं छातीशी टेकवा नि घासा. फिट येत असेल तर दातांच्या डॉक्टरांना आधी सांगा. फिटच्या काही औषधांनी हिरड्या वाढतात.

सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवाच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत तपासतं, दातही बघतं. पण घरी बसलेलं मूल त्यांना दिसणार कसं? अंगणवाडीताईंकडून तारीख घ्या, उचलून न्या. पुढे तज्ज्ञ लागलेच तर गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. गोव्याबाहेरच्यांना खर्च किती, ते मात्र निघण्याआधी विचारा.