कायद्याची ओळख : एन.सी. की एफ.आय.आर.?

ताईंनो, गटाचा ठराव वाचल्याशिवाय आपण सही करत नाही. मग पोलीस ठाण्यात न वाचता का करायची?

गुन्हे दोन प्रकारचे. शिवीगाळ, किरकोळ मारहाण अदखलपात्र, त्याची एन.सी. होते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्याचा तपास होत नाही. गळ्यातली पोत हिसकावणं, विनयभंग, सासरचा छळ दखलपात्र, त्याचा एफ.आय.आर. नोंदवावाच लागतो.

म्हणून नवरा सतत मारत असेल तर नुसतं ‘भांडण झालं’ म्हणू नका. कधीपासून, कशाने मारतो, माहेरून पैसे मागतो का, कोणी पाहिलं, हे सगळं सांगा. नाहीतर छळाची नुसती एन.सी. होते.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार :

१) घटना जालना रोडवर कुठंही घडो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही.
२) लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा, मगच सही करा. एफ.आय.आर.ची प्रत मोफत मिळते.
३) नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी तक्रार पाठवा. तिथंही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोषच असतो. म्हणून दवाखान्याचा कागद जपून ठेवा. बाईला वकील मोफत मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.

पुढच्या बैठकीत हे मोठ्याने वाचा.