नव्या शाळेत दाखल होताना

रावेर

चि. बाळास,

तुझे पत्र पोहोचले. आपण कधी मुलगा, कधी मुलगी, तर कधी यांपैकी काहीच नाही असे जे तुझ्या अंतःकरणाला जाणवते, ते बुऱ्हाणपूरच्या नव्या शाळेत कोणास, केव्हा व किती सांगावे, हा तुझा प्रश्न मी पुनःपुन्हा वाचला. माझे मत असे की, ज्याचे स्वरूपच बदलते आहे त्याची कैफियत पहिल्याच दिवशी वर्गापुढे मांडण्यास तू मुळीच बांधील नाहीस; प्रथम विश्वासाचे एक माणूस हेर, बाकीच्यांना थांबू दे.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. घरी ‘आलो’ की ‘आले’, शाळेत हिंदीतून ‘आया’ की ‘आई’, तोंड उघडताच क्रियापद निवाडा देऊन मोकळे होते. तिकडील शासकीय शाळांत 2018 च्या हुकुमान्वये हजेरीला ‘जय हिंद’ म्हणावयाचे असल्याने तेवढ्यापुरती सुटका आहे. पुढे त्या त्या दिवशी जे रूप सहज ओठांवर येईल ते बोल, आणि कोणी हसले तरी वाक्य पुरे कर.

दाखल्यावरील लिंगाच्या रकान्याची काळजी वडिलांवर सोपव. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी ज्या खटल्यात सामील झाल्या होत्या, त्यात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी आपली लिंगओळख आपणच ठरविण्याचा अधिकार मान्य केला. 2019 च्या कायद्याने शासनमान्य शाळांवर भेदभावाविना शिकविण्याचे आणि खेळांतही संधी देण्याचे बंधन घातले. तुझी वाट हिजडा समाजाच्या परंपरेहून निराळी आहे हे मी जाणते. तथापि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसून जे दार उघडले त्यातूनच तुझा प्रवेश होत आहे, म्हणून बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात कोणी त्यांची टिंगल करू लागल्यास तीत सामील होऊ नकोस.

स्वच्छतागृहाविषयी आईने मुख्याध्यापकांना आधीच भेटावे. तिकडे जाणे टळावे म्हणून दिवसभर पाणीच न पिण्याची युक्ती काही मुले करतात. बुऱ्हाणपूरच्या उन्हात ती प्रकृतीस घातक आहे, तू ती कदापि करू नकोस. आणि कोणी अंगावर हात टाकला, तर ते एक रात्रही मनात ठेवू नकोस. त्याच दिवशी आईला सांग, मला कळव, मी मिळेल त्या गाडीने येईन.

तुझी,
मावशी