उभ्या वाहनाची सुरक्षितता : हँडब्रेकचा वापर व निगा

वाहन रस्त्यावर धावत असते तोवर चालक सावध असतो. मुक्काम आला, इंजिन बंद झाले, किल्ली खिशात गेली की त्याचे लक्ष कामाकडे वळते. नेमक्या याच वेळी वाहनाची सारी जबाबदारी दोन आसनांमधल्या एका दांडीवर येऊन पडते. ही दांडी म्हणजे हँडब्रेक. पायाच्या ब्रेकची थोडी जरी कुरबुर झाली तरी गाडी तत्काळ कारखान्यात नेली जाते; हँडब्रेक मात्र महिनोन् महिने कोणी तपासून पाहत नाही. तहसील कार्यालयाचे आवार, शाळेचे पटांगण, प्राथमिक आरोग्य केंद्रासमोरची जागा, पाणवठ्याजवळ उभा राहणारा टँकर, या सर्व ठिकाणी उभ्या वाहनाभोवती माणसे आणि विशेषतः मुले वावरत असतात. म्हणूनच हा विषय केवळ चालकाचा राहत नाही.

कायद्यानेही तो चालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन उभे ठेवावयाचे असल्यास चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असली पाहिजे. नसेल तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असला पाहिजे, किंवा चालकाच्या अनुपस्थितीत वाहन आपोआप चालू लागणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. "दोनच मिनिटांचे काम आहे" म्हणून इंजिन चालू ठेवून खाली उतरणे या तरतुदीत बसत नाही.

डोळ्यांना न दिसणारा उतार

गाडी उभी केलेली जागा सपाट आहे, हा पुष्कळदा डोळ्यांचा भ्रम असतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून अंगणालाही थोडा उतार दिलेला असतो. पन्नास मीटर अंतरात एक मीटर उतरणारी जमीन पाहणाऱ्याला सपाटच वाटते. परंतु एक हजार किलो वजनाची मोटार अशा जमिनीवर सुमारे वीस किलोच्या ओढीने खाली खेचली जात असते. चांगली हवा भरलेले टायर डांबरी रस्त्यावर या ओढीला जो विरोध करतात तो साधारणतः दहा ते पंधरा किलोच्या घरात असतो. याचा अर्थ, गिअर सुटा असेल व ब्रेक नसेल तर ही मोटार हळूहळू का होईना, चालू लागेल.

घाटातील गणित याहून गंभीर आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत डोंगरी भागातील रस्त्यासाठी सर्वसाधारण चढ वीस मीटरला एक मीटर असा धरला आहे. अशा चढावर तीच मोटार पन्नास किलोच्या ओढीखाली असते. ती सुटली तर पहिल्या सेकंदात वीतभरही सरकत नाही, आणि फसगत होते ती येथेच. गाडी इतकी संथ हलताना पाहून माणसाला वाटते की, हिला हाताने थोपवता येईल. तो धावतो, पुढे जाऊन खांदा लावतो. पण अकरा सेकंदांत ती वीस मीटर अंतर तोडते आणि तिचा वेग ताशी तेरा किलोमीटरच्या जवळपास जातो. एक टन वजनाच्या या वेगाला कोणाचाही खांदा पुरा पडत नाही. सुटलेल्या गाडीपुढे कोणीही उभे राहू नये, उतारावरील माणसांना ओरडून बाजूला करावे, हे शाळेत रस्ता-सुरक्षा शिकविताना मुलांना आवर्जून सांगण्याजोगे आहे.

टँकरच्या बाबतीत आकडे आणखी वाढतात. दहा हजार लिटर पाण्याचेच वजन दहा टन होते. त्यात वाहनाचे सहा टन धरले तर वीसला एक या उतारावर त्याची ओढ आठशे किलो होते. उन्हाळ्यात टँकर आला की हंडे-कळश्या घेऊन माणसे त्याच्या मागेच गर्दी करतात. टँकर उभा करण्याची जागा ग्रामपंचायतीने आधीच सपाट करून ठेवली व तेथे दोन मजबूत लाकडी ठोकळे कायमचे ठेवले, तर त्यास फारसा खर्च येत नाही.

दांडी ओढल्यावर काय घडते

पायाचा ब्रेक दाबला की त्याचा जोर ब्रेक ऑईलच्या नळ्यांमधून चारही चाकांकडे जातो. हँडब्रेकची वाट निराळी आहे. दांडी वर ओढली की तिला जोडलेली पोलादी केबल ताणली जाते. बहुतेक मोटारींत ही केबल मागच्या दोन चाकांकडे जाते. मधल्या एका आडव्या पट्टीमुळे ताण दोन्ही चाकांत सारखा वाटला जातो. चाकाच्या ड्रममध्ये एक छोटी तरफ असते. केबल तिला ओढते, तरफ ब्रेक शू बाहेर ढकलते आणि शूवरील लायनर ड्रमच्या आतल्या बाजूस घट्ट चिकटतात. दांडीखालचा खटका दातेरी पट्टीत अडकून हा ताण कायम ठेवतो. ब्रेक ऑईल गळून गेले तरी हँडब्रेक काम करू शकतो तो या वेगळ्या वाटेमुळेच. मात्र या प्रकारात शेवटी शू तेच असतात, हे विसरता कामा नये. चाकातील सिलिंडर गळून लायनर तेलकट झाले, तर दोन्ही ब्रेक एकदमच दुबळे होतात.

डिस्क ब्रेक असलेल्या गाड्यांत काही ठिकाणी केबल कॅलिपरमधील दट्ट्या फिरवून पुढे सरकवते, तर काहींत डिस्कच्या मध्यभागी हँडब्रेकपुरता लहानसा ड्रम असतो. अलीकडील अनेक मोटारींत दांडी जाऊन तिच्या जागी विजेचे बटण आले आहे व मागील चाकांजवळची मोटर तेच काम करते. जुन्या विलीज घडणीच्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून गिअरपेटीमागच्या शाफ्टवर असे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नसल्याने अशा जीप कार्यालयांतून गेल्या आहेत. खाजगी मालकांकडे मात्र त्या आजही दिसतात.

हे काम किती जोराने व्हावे याचेही माप ठरलेले आहे. प्रवासी मोटारींच्या ब्रेकसंबंधी संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमावलीप्रमाणे पूर्ण भरलेली मोटार वीस टक्के चढ-उतारावर हँडब्रेकने थांबून राहिली पाहिजे आणि त्यासाठी हाताला चारशे न्यूटन, म्हणजे सुमारे चाळीस किलोपेक्षा अधिक जोर लावावा लागता कामा नये. वीस टक्के म्हणजे पाच मीटरला एक मीटर. दोन्ही हातांनी, आसनावरून अर्धवट उठून दांडी ओढावी लागत असेल तर दोष चालकाच्या ताकदीत नाही.

गाडी उभी करण्याचा क्रम

क्रमाला येथे महत्त्व आहे. पायाचा ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवावी. तो दाबलेलाच ठेवून हँडब्रेक ओढावा. मग गिअर सुटा करून पायाचा ब्रेक हळूहळू सोडावा व गाडी जागेवरून हलते काय हे पाहावे. ती हलली नाही तर हँडब्रेकने तिला धरले आहे याची खात्री पटते. त्यानंतरच इंजिन बंद करून गिअर टाकावा. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला तोंड असेल तर मागचा. अनेक चालक आधी गिअर टाकतात आणि मग सवयीने दांडी ओढतात. त्यामुळे हँडब्रेक प्रत्यक्षात काही धरून ठेवतो की नाही हे त्यांना कधीच कळत नाही.

गिअर टाकला म्हणजे हँडब्रेकची गरज नाही, हा समज विशेषतः जुन्या चालकांत पक्का आहे. बंद इंजिनाच्या सिलिंडरमधील दाब गाडीला अडवतो हे खरे. पण हा दाब हळूहळू गळतो आणि झिजलेल्या इंजिनात तर लवकर गळतो. भरलेली गाडी उतारावर या एकाच आधारावर सोडणे धोक्याचे आहे. उलट बाजूनेही काळजी हवी. गिअर टाकलेल्या गाडीत क्लच न दाबता कोणी किल्ली फिरवली तर अनेक गाड्या हिसका घेऊन पुढे जातात. म्हणून किल्ली गाडीत सोडू नये.

स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत 'पी' या खुणेवर दांडा ठेवला की गिअरपेटीतील एक लहान खिटी दातेरी चाकात अडकते. गाडीचे सारे वजन त्या खिटीवर टाकू नये. पायाचा ब्रेक दाबून गिअर सुटा करावा, हँडब्रेक लावावा, पाय सैल करून गाडीचे वजन त्यावर येऊ द्यावे आणि नंतरच दांडा 'पी'वर न्यावा. चढावर निघताना दांडा अडखळून मोठा आवाज करीत असेल, तर हा क्रम पाळला जात नाही असे खुशाल समजावे.

उतारावर पुढची चाके वळवून ठेवणे हा दुसरा आधार होय. उताराला तोंड असेल तर चाके रस्त्याच्या डाव्या कडेकडे वळवावीत. चढाला तोंड असून डावीकडे उंच कठडा असेल तर ती उजवीकडे वळवावीत. गाडी मागे सरकली तर चाक कठड्याला टेकते. कठडा नसेल तर डावीकडेच. घाटात मात्र हा नियम डोळे मिटून लावता येत नाही, कारण डाव्या कडेला दरी असू शकते. आंबोली किंवा ताम्हिणी घाटात पावसाळ्यात धबधब्याजवळ गाड्यांची रांग लागते, तेव्हा दरीच्या अंगाला गाडी उभी न करता थोडे पुढे जाऊन मोकळी, सपाट जागा शोधणे केव्हाही चांगले.

घाट उतरून आलेल्या गाडीची आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. सतत ब्रेक लावून तापलेली डिस्क निवताना आकसते, आणि केबलने धरलेली पकड काही मिनिटांनी सैल होऊ शकते. चहा घेण्यासाठी थांबलेली गाडी कोणी हात न लावता सरकली, असे होते ते यामुळे. डिस्कच्या गाडीत गिअर टाकावाच, आणि उतरण्यापूर्वी दांडी आणखी एक-दोन दात ओढून घ्यावी.

चाकाला दगड लावण्याची आपल्याकडील पद्धत उपयुक्त आहे. तो दगड रस्त्यात तसाच टाकून निघून जाण्याची पद्धत मात्र निंद्य आहे. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही. दोरी बांधलेला लाकडी ठोकळा गाडीत ठेवला तर तो उचलण्याची आठवणही राहते.

ट्रॅक्टरचा प्रश्न वेगळा आहे. त्याला डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन वेगळी ब्रेक पेडल असतात. ती एकत्र जोडूनच ब्रेकचा खटका लावावा; एकाच पेडलवर खटका अडकला तर धरते ते एकच चाक. शिवाय हा ब्रेक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांपुरता असतो. उसाने भरलेल्या ट्रॉलीला पुष्कळदा स्वतःचा ब्रेकच नसतो आणि तिचा सारा रेटा ट्रॅक्टरवर येतो. अशी ट्रॉली उतारावर उभी करताना तिच्या चाकांना ठोकळे लावल्याखेरीज चालकाने खाली उतरू नये, आणि मुलांना उभ्या ट्रॅक्टरच्या आसनावर चढू देऊ नये.

निगा

हँडब्रेकचे पहिले लक्षण कानांना कळते. दांडी ओढताना खटक्याचे 'टक-टक' आवाज मोजावेत. सामान्यतः चार ते नऊ आवाजांत ब्रेक पक्का लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. आवाज वाढत गेले तर लायनर झिजले आहेत किंवा केबल ताणली गेली आहे. येथे एक चूक सर्रास होते. कारागीर केबलचा नट आवळून देतो आणि दांडी पुन्हा घट्ट लागते. परंतु लायनर झिजलेले असताना केबल आवळली, तर चाकातील तरफ मूळ जागी परत येत नाही, शू आपोआप जुळविणारी यंत्रणा काम करीनाशी होते आणि लायनर ड्रमला घासत राहतात. योग्य क्रम असा : आधी ड्रम उघडून शू व लायनर पाहणे, त्यांचे अंतर जुळविणे, आणि सर्वांत शेवटी गरज असल्यास केबल. काम झाल्यावर मागची चाके उचलून दांडी खाली असताना ती हाताने मोकळी फिरतात की नाही हे पाहिल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

दुसरे लक्षण दिव्याचे. समोरचा लाल दिवा दांडी उचललेली आहे एवढेच सांगतो. ब्रेक लागला आहे असे तो सांगत नाही. दांडी खाली असूनही तो पेटत असेल तर ब्रेक ऑईल कमी झाल्याची ती सूचना असू शकते, कारण अनेक गाड्यांत दोन्हींसाठी एकच दिवा असतो. असा दिवा पेटलेला असताना दौऱ्यावर निघू नये.

कोकणात आणि एकूणच पावसाळ्यात केबलच्या आवरणात पाणी शिरते, आतली तार गंजते व अडकते. मग दांडी खाली जाते पण ब्रेक सुटत नाही. गाडी जड चालणे, एका मागच्या चाकाजवळ जळका वास येणे, ही त्याची चिन्हे. चाकाला हात लावून पाहू नये. जवळ नेलेल्या तळहातालाच आच लागते. अशी केबल तेल घालून सुधारत बसण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडते. पावसात भिजलेली गाडी आठवडे उभी राहणार असेल, उदाहरणार्थ उन्हाळी सुट्टीनंतर न वापरलेली शाळेची बस, तर हँडब्रेक लावून ठेवू नये. लायनर गंजून ड्रमला चिकटतात. सपाट जागा, गिअर आणि चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, एवढे पुरते.

चालत्या गाडीचा पायाचा ब्रेक निकामी झाला तर हँडब्रेक उपयोगी पडतो, पण तो एकदम ओढल्यास मागची चाके जखडतात आणि गाडी घसरून आडवी होते. गिअर एकेक खाली आणावा, दांडीचे बटण दाबून धरावे व ती थोडी-थोडी ओढत-सोडत राहावी. विजेच्या बटणाच्या गाड्यांत बटण धरून ठेवावे लागते. तशी सोय आपल्या गाडीत कशी आहे हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवावे.

कार्यालयीन वाहनासाठी महिन्यातून एकदा करावयाची चाचणी साधी आहे. मोकळ्या, सपाट जागी समोर कोणी नसताना हँडब्रेक पूर्ण ओढावा, इंजिन मंद चालू ठेवून पहिला गिअर टाकावा आणि क्लच सावकाश सोडावा. इंजिन गुदमरून बंद पडले तर ब्रेक ठीक. गाडी पुढे सरकली तर ती त्याच दिवशी कारखान्यात पाठवावी. चाचणीची तारीख, खटक्याच्या आवाजांची संख्या व चालकाची सही लॉगबुकात एका ओळीत मावते. चालक बदलला तरी नव्या चालकाला मागील महिन्यांचे आकडे समोर दिसतात, आणि सहावरून नवावर गेलेली संख्या पाहून लायनर केव्हा बदलावयाचे हे अधिकाऱ्यालाही ठरविता येते.