लांब केसांचे गिनीपिग घरी आणलेत? पहिल्या महिन्याचा खर्च असा

मुलांची हौस फिटली, घर बदललं किंवा घाईत हौसेने घेतलेल्या जोडीला पिल्लं झाली, की गिनीपिग खोक्यात घालून कुणाच्या तरी हवाली केले जातात. लांब केसांच्या जातींचे हाल यात जास्त होतात. काखेत आणि पोटाखाली जटा, मागचे केस लघवीने भिजून पिवळे पडलेले, नखं वळून तळव्यात रुतायला आलेली. असा जीव घरी आला की पहिली धाव शाम्पू आणि ब्रश आणायला असते. तो खर्च थांबवा. पैसे आधी डॉक्टरांना, मग गवताला आणि मग केसांना, हा क्रम सोडू नका. खालचे आकडे मुंबई-पुण्याकडचे आणि दोन प्राण्यांसाठीचे, ढोबळ आहेत. दुकान, डॉक्टर आणि हंगाम बदलला की तेही बदलतील.

डॉक्टर: दोन ते साडेचार हजार

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर गिनीपिग पाहतोच असं नाही. जाण्याआधी फोन करा आणि एक प्रश्न नक्की विचारा: संसर्ग झाला तर तुम्ही यांना तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देता का? उत्तर ‘हो’ आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं पोटात गेली तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, आणि त्यातून जीवही जाऊ शकतो.

तपासणीचे प्रत्येकी पाचशे ते हजार रुपये धरा. त्वचेत शिरणाऱ्या खरजेच्या किडीवर बहुधा आयव्हरमेक्टिन देतात. त्याचा डोस वजनावर ठरतो आणि काही दिवसांनी पुन्हा द्यावा लागतो, म्हणून दुसऱ्या फेरीचेही पैसे बाजूला ठेवा. या किडीची खाज इतकी भयंकर असते की प्राण्याला झटकेही येऊ शकतात. कुत्र्याचं पिसवांचं औषध उरलंय म्हणून तेच लावू नका. गोल चट्टे दिसले तर नायटा असू शकतो आणि तो माणसांनाही होतो. त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे घरातल्या इतर प्राण्यांपासून वेगळं ठेवायचं आणि हात लावला की साबणाने धुवायचे.

नर-मादी डॉक्टरांकडूनच ओळखून घ्या. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. नराबरोबर राहिलेली मादी गाभण आहे असंच धरून चाला. गर्भकाळ साधारण 59 ते 72 दिवसांचा असतो, म्हणजे घरी आल्यावर दोन महिन्यांनीही पिल्लं होऊ शकतात. शंका असेल तर सोनोग्राफीचे हजार-दीड हजार वाचवू नका.

गवत आणि भाजी: महिन्याला दोन ते साडेतीन हजार

रोजच्या खाण्यात बहुतांश गवतच हवं. त्यावर दातही झिजतात आणि पोटही चालतं. दुकानातलं टिमोथी गवत किलोला सहाशे ते नऊशेच्या घरात पडतं. जोडीला ताजं गवत मिळत असेल तर महिन्याला दीड-दोन किलो पुरतं. फवारणी नसलेल्या जागचं हिरवं गवत किंवा दूर्वा स्वच्छ धुऊन द्या. लसूणघास पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. मोठ्यांना रोज नको, त्यातल्या कॅल्शियमने मुतखडे होऊ शकतात. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पण त्यावर पोट भरायचं नाही.

माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. रोज वजनाच्या किलोमागे दहा ते तीस मिलिग्रॅम लागतं. ढोबळी मिरचीच्या दोन-तीन फोडी आणि थोडी कोथिंबीर यांतून ते भागतं. पाण्यात टाकायचे थेंब घेऊ नका. पाण्यातलं जीवनसत्त्व लवकर नासतं आणि चव बदलली की प्राणी पाणीच कमी पितो. भाजीला पाच-सातशे, साध्या गोळीखाद्याला तेवढेच, आणि अंथरायच्या कापडांना व ती धुण्याला दोन-तीनशे.

एकदाच लागणारं सामान: तीन ते पाच हजार

चार फूट लांब, दोन फूट रुंद जागा हवी. जोडायच्या जाळ्यांचं कुंपण दीड ते तीन हजारांत होतं. जमीन जाळीची नको, तळव्यांना जखमा होतात. लपायला पुठ्ठ्याची खोकी चालतात. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मात्र घ्याच, तीनशे-पाचशेला मिळतो. आजारी गिनीपिग शेवटपर्यंत आजार लपवतो आणि तो सगळ्यात आधी वजनात दिसतो. आठवड्याला एकदा वजन वहीत लिहा. दहा टक्के उतरलं तर, किंवा अर्धा दिवस काही खाल्लं नाही तर, त्याच दिवशी दवाखाना.

विरळ दातांचा धातूचा कंगवा, बोथट टोकाची कात्री, छोटा नखकटर आणि नखातून रक्त आलं तर लावायची पावडर, एवढं सहाशे ते हजारात बसतं. शाम्पू, रिबिनी, पट्टा यांना शून्य रुपये.

उचलायचं कसं

पहिले तीन-चार दिवस उचलूच नका. कुंपणाशेजारी जमिनीवर बसा, हलक्या आवाजात बोला, कोथिंबिरीची काडी पुढे धरा. वरून येणारा हात म्हणजे या प्राण्याला घारच वाटते. त्यामुळे आधी त्याला खोक्यात किंवा बोगद्यात शिरू द्या आणि खोक्यासकट उचला. हातात घेताना एक तळवा छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि लगेच आपल्या अंगाशी धरा. मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यायचं. कमरेच्या उंचीवरून पडला तरी मणका मोडू शकतो. दात कडकडवायला लागला तर तो चिडलाय. सोडून द्या, उद्या बघू.

केस कापून टाका

माझं मत स्पष्ट आहे. सोडवून आणलेल्या गिनीपिगचे केस लांब ठेवू नका. पेरुव्हियनचे केस तोंडावर येतात, शेल्टीचे मागे वळतात. दिसायला दोन्ही देखणे, पण ते महिन्याला साधारण इंचभर वाढतात आणि थांबत नाहीत. हा आकार माणसाने पैदाशीतून आणला आहे, प्राण्याला त्याचा काही उपयोग नाही. आपल्या उन्हाळ्यात तर त्रासच, कारण 28 अंशांच्या पुढे त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. पावसाळ्यात ओल्या, घाण केसांवर माश्या अंडी घालतात आणि अळ्या थेट कातडीत शिरतात.

जेवण झाल्यावर, मांडीवर जाड टॉवेल घालून, पाच-दहा मिनिटंच बसा. जट ओढायची नाही. मुळाशी कातडी आणि गुंता यांच्या मधे कंगवा सरकवा आणि कंगव्याच्या वरूनच कापा. कातडी पातळ असते, गुंता ओढला की तंबूसारखी वर येते आणि कात्रीत सापडते. पोटाखाली दुप्पट काळजी घ्या: नर असो वा मादी, दोन स्तनाग्रं केसांत दडलेली असतात, जट कापताना तीच कापली जातात. आधी बोटाने चाचपून जागा ओळखा. कानामागची केस नसलेली टिकली नैसर्गिक आहे, तिला रोग समजू नका. मिशांना हात लावू नका.

पहिल्या दिवशी फक्त ढुंगण आणि पोट, बाकीचं नंतर. कडेचे केस जमिनीपासून बोटभर वर राहतील इतके कापा. पाठीच्या शेवटी असलेल्या ग्रंथीभोवती चिकट, काळपट थर दिसला तर थोडं खोबरेल तेल चोळून सैल करा, मग पुसा. अंघोळ लागलीच तर कोमट पाण्यात फक्त मागच्या भागाची, आणि लगेच पूर्ण कोरडा करायचा.

नखं पुढच्या पायांना चार-चार, मागच्या पायांना तीन-तीन. सगळी एका बैठकीत कापायचा हट्ट नको. काळ्या नखात रक्ताची शीर दिसत नाही, तिथे मोबाइलचा टॉर्च खालून धरा.

जटांची ढाल होऊन बसली असेल, खाली कातडी लाल किंवा ओली असेल, तर हे काम घरचं नाही. दवाखान्यात भूल द्यावी लागली तर दीड-तीन हजार जास्तीचे. भुलीआधी उपाशी ठेवायला सांगितलं तर पुन्हा विचारा, कारण गिनीपिगला उपाशी ठेवत नाहीत. कुत्र्यांची अंघोळ-कटिंग करणाऱ्या पार्लरमध्ये नेऊ नका. मोठा ड्रायर आणि शेजारी भुंकणारे कुत्रे यांनीच तो अर्धमेला होईल.

सगळं धरून पहिला महिना सात ते तेरा हजारांत जातो. हातात पाचच असतील तर कुंपणाऐवजी खोलीचा एक कोपरा पाट्या लावून अडवा, जुन्या चादरी अंथरा, डॉक्टर आणि गवत यांत मात्र काटछाट नको. आणि एखाद्या संस्थेकडून जोडी घेत असाल तर पहिल्या तपासणीचं बिल कोण भरणार, मादी गाभण निघाली तर पिल्लं कोण सांभाळणार, हे खोकं हातात घेण्याआधी लिहून घ्या.